वसंतराव एका बटणात मावत नाहीत

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. गाणी आतच भरून येणारा, जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा मराठी गाण्यांचा प्लेअर घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घ्यायचा विचार असेल, तर बिनधास्त घ्या. लताबाई, आशाबाई, बाबूजी म्हणजे सुधीर फडके, अरुण दाते, माणिक वर्मा, सुमन कल्याणपूर अशी आवड असेल तर पाचापैकी चार तारे. मात्र घरात कुणी वसंतराव देशपांड्यांचं माणूस असेल तर अडीच. आमच्या घरात अशी दोन माणसं आहेत, आई आणि मी. म्हणून हे परीक्षण जरा लांबणार आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या प्रकारचे डबे बाजारात एकाहून जास्त आहेत, रचना साधारण सारखीच असते आणि मी जे म्हणणार आहे ते त्या सगळ्यांना थोडंफार लागू पडेल.

वस्तू म्हणून डबा चांगला आहे. सात हजारांच्या आत मिळाला. हातात घेतला की वजन जाणवतं, पोकळ वाटत नाही. समोर एक मोठा गोल खटका, तो फिरवला की गायकांची, संगीतकारांची, कवींची नावं एकामागून एक येतात. आवाजाचा खटका वेगळा, तोही मोठा, म्हणजे संधिवाताच्या बोटांनाही जमेल असा. एफएम आहे, ब्लूटूथ आहे, मागे पेनड्राइव्हची खाच आहे. एकदा चार्ज केला की आमच्याकडे सकाळच्या अभंगांपासून दुपारच्या जेवणापर्यंत आरामात पुरतो. छोटा पडदा आहे, पण त्यावर गाण्याचं नाव इंग्रजी अक्षरांत सरकत जातं. मराठी गाण्यांच्या मराठी डब्यावर, मराठी म्हाताऱ्यांसाठी, इंग्रजी अक्षरं! आईला ती वाचता येत नाहीत. तिला गरजही नाही म्हणा. पहिल्या दोन सुरांत ती गाणं ओळखते आणि तिसऱ्या सुराला "हे नको, पुढचं लाव" म्हणते.

आता मुद्द्याचं. खटका फिरवत मी वसंतरावांच्या नावापाशी आणला. गाणी सुरू झाली. पहिलं ‘बगळ्यांची माळ फुले’. वा. रा. कांतांची कविता, खळेकाकांची चाल. दुसरं ‘मृगनयना रसिक मोहिनी’, देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधलं. तिसरं ‘घेई छंद मकरंद’. चौथं पुन्हा नाट्यगीत. मग आणखी काही, मग पुन्हा ‘बगळ्यांची माळ फुले’. म्हणजे चक्र पूर्ण झालं, झोळी रिकामी झाली. बाबूजींचा खटका लावला तर सबंध सकाळ जाते, इथे भाजी चिरून होईपर्यंत गायक संपला.

मला वाटलं, हक्कांची भानगड असणार. एकाच गायकाची ध्वनिमुद्रणं वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात, ज्याची मालकी त्याच्याच डब्यात ती गाणी येतात. ते समजू शकते. पण दोन-चार दिवसांत लक्षात आलं की बरीचशी गाणी डब्यात आहेतच, फक्त वसंतरावांच्या नावाखाली नाहीत. ‘कानडा राजा पंढरीचा’ सापडलं ते सुधीर फडक्यांच्या नावाखाली आणि ‘विठ्ठल’ नावाच्या बटणाखाली. त्या गाण्यात वसंतराव आहेत याची डब्याला खबरच नाही. १९७० सालच्या ‘झाला महार पंढरीनाथ’मधलं, गदिमांचं, बाबूजी आणि वसंतराव या दोघांनी गायलेलं गाणं. दोन इतके वेगळे आवाज, एकाचा सरळ, स्वच्छ, प्रत्येक अक्षर न्हाऊन-धुऊन आलेलं. दुसऱ्याचा तिथल्या तिथे वळण घेणारा, आलापात झेप घेणारा. ते गाणं उभंच आहे या दोघांवर. पण यंत्राचा नियम असा दिसतो की एका गाण्याला एकच गायक. जो नावाजलेला, त्याच्या खात्यावर जमा.

मी जन्मभर कोषागारात नोकरी केली आहे. एका नोंदीला एकच खातं चालत नाही, जमेला नावे लागतं, हे तिथे शिपायालासुद्धा ठाऊक असतं.

‘दाटून कंठ येतो’ सापडलं ‘लग्नाची गाणी’ या बटणाखाली, बॅन्डवाल्या गाण्यांच्या रांगेत. ‘अष्टविनायक’ चित्रपट १९७९ चा, शब्द शांताबाई शेळक्यांचे, संगीत अनिल-अरुण यांचं. लेकीची पाठवणी करणाऱ्या बापाचं गाणं. त्याच्या आधी आणि नंतर वरातीचा धिंगाणा लागला तर ऐकणाऱ्यानं करायचं काय? आईनं पहिल्यांदाच डबा बंद करायला सांगितला तो तेव्हा. वरातीचं गाणं बंद करायला सांगत असेल असं मला वाटलं, तर म्हणाली, "नाही वो, ते आधीचंच पुन्हा लाव. नुसतं तेवढंच."

नुसतं तेवढंच लावायची सोय नाही. मागे जायचं बटण दाबलं की कधी त्याच गाण्याच्या सुरुवातीला जातं, कधी त्याच्याही मागच्या गाण्याला. रिमोट आहे, पण त्यावरची चिन्हं मुंगीएवढी.

वसंतरावांसारख्या गायकाच्या बाबतीत ही वर्गवारी का फसते, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळं परीक्षण तिथेच आहे. या डब्यात भीमसेनजींचा खटका लावा, तुम्हाला साधारण काय येणार ते माहीत असतं: अभंग. त्यांचं तेवढंच मोठेपण आहे असं नाही, पण डब्यापुरतं जमून जातं. अरुण दाते लावा, भावगीत येणार. वसंतराव लावले तर? ते भावगीत गायचे, नाट्यपद गायचे, ठुमरी, दादरा, गझल गायचे, बैठकीत लावणीला हात घालायचे, आणि मारवा किंवा राजकल्याण राग मांडून बसले की तासभर उठू द्यायचे नाहीत. तबला स्वतः उत्तम वाजवायचे, त्यामुळे लयीशी त्यांची जी मस्ती चालते ती भल्याभल्या गवयांना साधत नाही. रंगभूमीवर खाँसाहेब उभे करायचे. लहानपणी सिनेमात कृष्ण झाले होते, भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये, १९३५ साली. यातला कुठला वसंतराव खरा, असं विचारलं तर उत्तर नाही. सगळे खरे.

शिकलेही तसेच, चहूकडून. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरुवात. लाहोरला असद अली खाँ यांनी मारवा दिला. पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, वझेबुवा, अशी किती नावं घ्यावीत. आणि मनात मास्टर दीनानाथ कायमचे मुक्कामाला. आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं, असं ते म्हणत, हे त्यांच्या प्रत्येक चाहत्याला तोंडपाठ असतं. मला त्या वाक्यात गर्व कधी ऐकू आला नाही. ज्याला कुठल्याच घराण्याच्या यादीत बसवेनात, त्यानं दुसरं म्हणावं काय? शुद्धतेवाल्यांना ते नाटकवाले वाटायचे, नाटकवाल्यांना शास्त्रीय. आज तोच प्रकार एका प्लॅस्टिकच्या डब्यानं चालवला आहे, इतकंच.

शिवाय हा माणूस बरीच वर्षं सैन्याच्या हिशेब खात्यात नोकरी करत होता, पुण्यात. बदली झाली तर थेट नेफात, आजच्या अरुणाचलात. पूर्णवेळ गाण्यात आले तोवर चाळिशी उलटली होती. मी कोषागारात लेजर भरताना हे आठवून किती वेळा मनाशी हसले असेन. बिलांच्या ढिगाआड बसलेल्या माणसाच्या डोक्यात ‘सुरत पिया की’सारखी रागमाला फिरत असू शकते, यावर माझा विश्वास तिथेच बसला. (माझ्या डोक्यात ती फिरायची, गळ्यातून यायची नाही, हा फरक.)

आणि ‘कट्यार’. २४ डिसेंबर १९६७ ला ‘कट्यार काळजात घुसली’चा पहिला प्रयोग झाला. नाटक दारव्हेकर मास्तरांचं, म्हणजे आमच्या नागपूरचं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ची. वसंतराव खाँसाहेब आफताब हुसेन. आईनं ते नाटक नागपुरात पाहिलं, लग्नाआधी. तिची साक्ष अशी की खाँसाहेब रंगमंचावर आले तेव्हा ते गवई आहेत की खलनायक हे प्रेक्षकांना ठरवता येत नव्हतं आणि गायला लागल्यावर ठरवायची गरज उरली नाही. २०१५ च्या चित्रपटामुळे नव्या मुलांना ‘कट्यार’ माहीत झाली, ते फार बरं झालं. पण डब्याच्या दृष्टीनं पाहा: ‘घेई छंद मकरंद’च्या नाटकात दोन चाली आहेत. एक नाटकातले दुसरे गवई, पंडितजी, यांच्या गायकीची, ठाय, सावकाश उमलणारी. दुसरी खाँसाहेबांची, चपळ, तानांनी फुललेली. तेच शब्द, दोन घराणी, दोन स्वभाव. सगळं नाटक त्या भांडणावर उभं आहे. डब्यात फक्त दुसरी आहे. एकट्या दुसऱ्या चालीत गाणं गोडच लागतं, पण ती कशाला दिलेलं उत्तर आहे हे कसं कळणार? ‘तेजोनिधी लोहगोल’ सापडलं, पण ते अभिषेकींच्या खटक्याखाली. संगीतकाराच्या नावाखाली असणं चूक नाहीच. गायकाच्या नावाखालीही असतं तर काय बिघडलं असतं?

सोबत मोबाइल अ‍ॅप येतं, त्यात शोधायची सोय आहे. त्यात ‘वसंत’ एवढं लिहिलं तर वसंत प्रभू, वसंत देसाई, वसंत पवार असे एकाहून एक थोर वसंत समोर आले. आडनाव घालून शोधलं तेव्हा वसंतराव आले, पण त्यांच्यात २०२२ च्या ‘मी वसंतराव’ चित्रपटातली गाणीही मिसळलेली. ती गायली आहेत त्यांच्या नातवानं, राहुल देशपांडे यांनी. त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि योग्यच मिळाला. नातवाचं गाणं आजोबांच्या नावावर चढवणं हा दोघांवरही अन्याय आहे. आवाजाची जात वेगळी आहे. राहुल यांचा आवाज गोल, भरदार. आजोबांचा आवाज त्या मानानं टोकदार, किंचित सानुनासिक, आणि कधी कुठे उडी मारेल याचा नेम नसलेला. ज्यानं दोघांना नीट ऐकलंय त्याला डोळे मिटून कळतं. यंत्राला कान नाहीत, आडनाव तेवढं वाचता येतं.

ग्राहकसेवेला फोन केला. मुलगी गोड बोलली, सगळं लिहून घेतलं, "मॅडम, तुमची सूचना पुढे पाठवते" म्हणाली. सूचना पुढे गेली असेल. अजून परत आलेली नाही.

आवाजाच्या दर्जाबद्दल. भावगीतांना स्पीकर उत्तम आहे. आवाज मध्यम ठेवला तर शब्द स्वच्छ, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण वसंतरावांच्या तानेला तो पुरा पडत नाही. तार सप्तकात ते आवाज फेकतात तेव्हा स्पीकर चिरकतो, आणि तान इतक्या वेगानं खाली येते की मधले दाणे एकमेकांना चिकटतात. तंबोरा तर जवळजवळ नाहीच. लहान स्पीकरला खर्ज झेपत नाही, हे उघड आहे. गाणं तंबोऱ्यावर उभं असतं, तो काढून घेतला की गवई हवेत लटकल्यासारखा वाटतो. यावर उपाय: मागच्या बाजूला हेडफोनची खाच आहे, तिथून वायर काढून जुन्या, लाकडी पेटीतल्या स्पीकरना जोडलं. एकदम दुसरा डबा वाटायला लागला. तुमच्याकडे माळ्यावर असे स्पीकर पडले असतील तर उतरवा.

शास्त्रीय गाण्याची आणखी एक अडचण. ‘शास्त्रीय’ नावाचं बटण आहे, त्यात वसंतरावांचा एक राग सापडला. मोठा आहे, एलपीची एक बाजू असावी. मध्येच दाराची बेल वाजली, डबा बंद केला, परत लावला तर पहिल्यापासून. जिथे थांबलो तिथून पुढे सुरू करायची सोय या यंत्राला नाही. तीन मिनिटांच्या भावगीताला चालून जातं. मारव्याला चालत नाही. मारवा तसाही षड्जाला हुलकावण्या देत राहतो, ऐकणाऱ्याला घरी पोचू देत नाही. त्यात यंत्रानं पुन्हा उंबरठ्यावर आणून सोडलं तर माणूस कंटाळून बातम्या लावणार.

पण मला सगळ्यात जास्त काय खुपलं ते सांगते. ‘कुणी जाल का सांगाल का’ कुठेच नाही. कवी अनिलांची कविता, चाल यशवंत देवांची, आवाज वसंतरावांचा. अनिल जन्मले मुर्तिजापूरला, १९०१ साली. वसंतराव जन्मले मुर्तिजापूरला, २ मे १९२० रोजी. आमच्या अकोल्याहून गाडीत बसलात की बडनेऱ्याच्या आधी लागतं ते मुर्तिजापूर. बाहेरच्यांना ते ठाऊक असलंच तर शकुंतला रेल्वेमुळे, एकेकाळी अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या त्या छोट्या गाडीमुळे. त्या एका गावानं कवीही दिला आणि गायकही, आणि पुढे दोघं एका गाण्यात भेटले. वऱ्हाडातल्या माणसाला याचा किती अभिमान असतो हे पुण्या-मुंबईच्या कंपनीला कोण सांगणार, बाप्पा!

अभिमान बाजूला ठेवला तरी ते गाणं यादीत हवंच होतं, कारण वसंतरावांचं अष्टपैलूपण मला तिथे सगळ्यात नीट कळलं. रात्री गाणाऱ्या कोकिळाला कुणीतरी जाऊन सांगा, आता गाऊ नको म्हणावं, अशी ती विनवणी. तेच गाणं म्हणायला घेतलंय अशा माणसानं, ज्याचा गळा एरवी क्षणभर स्वस्थ बसत नाही. आणि इथे तो बसतो. ‘तेजोनिधी’त सूर्यासारखा अंगावर येणारा तो आवाज इथे इतका आवरलेला आहे की हरकतसुद्धा दबक्या पावलांनी येते. अनेक प्रकार गाता येणं म्हणजे अष्टपैलूपण असं आपण सरसकट म्हणतो. प्रकार पुष्कळांना गाता येतात. प्रत्येक ठिकाणी आपल्यातलं किती द्यायचं आणि किती ठेवून द्यायचं, याचा हिशेब ज्याला पक्का जमतो तो वसंतरावांच्या पंगतीला बसतो. ‘दाटून कंठ येतो’मध्ये पाहा, शास्त्रीय गवयाला करुण रस दाखवायला केवढी संधी होती. ते बापासारखं गातात, गवयासारखं नाही. ‘मृगनयना’त मात्र दरबारी ऐटीत उभी करतात, कारण तिथे ऐट हवी.

म्हणून ही गाणी एकाशेजारी एक ऐकायला हवीत. डबा ती वेगवेगळ्या खणांत कोंबतो, आणि ऐकणाऱ्याला वाटत राहतं की हे वेगवेगळे चार गायक आहेत, चौघंही बरे आहेत.

शेवटी काय केलं ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. भाच्याला बसवून एक पेनड्राइव्ह तयार करून घेतला. माझ्याकडच्या जुन्या कॅसेटी आणि सीडी होत्या, त्यातून. गाण्यांच्या फाइलींना सुरुवातीला आकडे दिले, ०१, ०२ असे, म्हणजे डबा त्याच क्रमानं वाजवतो. आकडे दिले नाहीत तर तो इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावतो आणि सगळा बेत फसतो. क्रम असा लावला: आधी ‘कुणी जाल का’, लगेच ‘तेजोनिधी लोहगोल’, म्हणजे त्याच गळ्याची दोन टोकं. मग ‘कानडा राजा’. मग ‘घेई छंद’च्या दोन्ही चाली, आधी सावकाश, मग खाँसाहेबांची. मग ‘बगळ्यांची माळ’, तिथे दम घ्यायचा. ‘सुरत पिया की’. ‘दाटून कंठ येतो’. मारवा सगळ्यात शेवटी ठेवला, आणि सबंध पेनड्राइव्ह अशा बेतानं लावायचा की मारवा येईपर्यंत दिवस कलतीला लागावा. लांबलचक रागाचे मी तुकडे करू दिले नाहीत, भाच्यानं दोनदा सुचवलं, "मावशी, पार्ट करून टाकू का?" नाही म्हटलं.

पेनड्राइव्हवर एक मर्यादा आहे, लक्षात ठेवा: फार मोठ्या क्षमतेचा घेतला तर हा डबा तो ओळखत नाही. साधा, कमी क्षमतेचा घ्या. आणि गाण्यांची नावं त्या छोट्या पडद्यावर मराठीत दिली तर नुसते चौकोन दिसतात.

आता कंपन्यांना विनंती, कुणी वाचत असेल तर. एका गाण्याला दोन गायक असू शकतात, तेवढी सोय करा. नाटकाची पदं नाटकाच्या क्रमानं लावा, निदान ‘कट्यार’ तरी. थांबलेल्या जागेपासून गाणं पुढे सुरू व्हावं. आणि एखादं बटण असं ठेवा, ज्यात एका गायकाचं सगळं एकत्र येईल, भावगीतापासून ख्यालापर्यंत, वर्ग न पाडता. त्या बटणाखाली वसंतराव येतील, आशाबाई येतील, अभिषेकीबुवा येतील. अशी माणसं मराठीत थोडी नाहीत आणि त्यांच्यासाठी हजार रुपये जास्त मोजायला माझ्यासारखी गिऱ्हाइकं तयार आहेत.

३० जुलै १९८३ ला वसंतराव पुण्यात गेले. त्रेसष्ठ म्हणजे काही वय नव्हतं, आणि पूर्णवेळ गाण्याला त्यांच्या वाट्याला आलेली वर्षं तर त्याहून फार थोडी. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे, पुण्यात त्यांच्या नावानं वसंतोत्सव होतो. विदर्भातला कुठलाही हौशी गायक आजही कार्यक्रमात ‘घेई छंद’ घेतो, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या तानेला आपटतो. यंदाच्या ३० जुलैला आम्ही मायलेकींनी पेनड्राइव्ह लावला, लाकडी स्पीकरवर. शेजारच्या काकू दळण घेऊन चालल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या आणि ‘कानडा राजा’ला म्हणाल्या, "हे तर बाबूजींचं ना?" आई म्हणाली, "बसा. दुसरा आवाज कोणाचा ते सांगा, मग चहा."

तारे अडीचच राहू देते. अर्धा पेनड्राइव्हच्या खाचेचा आहे. ती नसती तर दोन दिले असते. आईचं मत विचारलंत तर ती चार देते, कारण खटका मोठा आहे. तिची सध्याची तक्रार एवढीच की पेनड्राइव्हवर माणिक वर्मा नाहीत, आणि त्यांचा वेगळा करून हवा आहे. भाच्याला सांगितलंय, परीक्षा संपली की बसतो म्हणाला.